वरचा रुपया

धम्मशीलाबाई खिल्लारे यांचा आवाज परभणी जिल्ह्यात निम्म्या लोकांनी ऐकला आहे, पण तो त्यांचा आहे हे फार थोड्यांना माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी एका कंपनीने त्यांच्या गाण्यांची सीडी काढली आणि वर भलत्याच बाईचा फोटो छापला. धम्मशीलाबाई विचारायला गेल्या तेव्हा उत्तर मिळाले, "तुमच्या फोटोवर सीडी खपत न्हाई."

पिंगळीच्या शाळेत त्या माझ्या दोन वर्षे मागे होत्या. बाबासाहेबांवरच्या ओव्या त्या आईकडून, म्हणजे सरजाबाईंकडून शिकल्या. मागच्या वर्षी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "महारुद्रदादा, आठ गाणी काढायचीत. माझ्या नावानं, माझ्या फोटोनं. स्टुडिओवाला साठ हजार म्हणतोय. लोकांकडून वर्गणी गोळा करायची एक वेबसाइट हाय म्हणं."

वेबसाइटचा नियम कडक होता. तीस दिवसांत ठरलेली रक्कम भरली नाही, तर जमलेले सगळे पैसे ज्याचे त्याला परत. मी बी. कॉम. झालेला, कॉलेजच्या कार्यालयात पस्तीस वर्षे काढलेली. आखणी माझ्याकडे आली. मी तीन चौकटी केल्या. शंभर रुपयांना फोनवर गाणे, पाचशेला पोस्टरवर नाव आणि हजाराला धम्मशीलाबाई घरी येऊन एक गाणे म्हणणार. बेरजेला सोपे म्हणून आकडे नेटके ठेवले. चारशे बारा लोकांना लिंक पाठवली.

बाराव्या दिवशी तीन हजार दोनशे जमले होते. त्यातले हजार माझे.

मग आम्ही सेलूला सूर्यभानरावांकडे गेलो. त्यांच्या मुलीच्या लग्नात धम्मशीलाबाई गायल्या होत्या. सरजाबाईही हट्टाने बरोबर आल्या. सूर्यभानरावांनी चहा दिला, चष्मा लावला, लिंक उघडली आणि फोन खाली ठेवला.

"बाई, पाचशे कसे देऊ?"

"लय होतेत का?" धम्मशीलाबाईंनी विचारले.

"लय न्हाई, कमी पडायलेत. वरचा रुपया कुठाय? शून्यावर संपणारी रक्कम मयताच्या घरी देतेत. तुमच्या शुभकार्याला मी कशी देऊ?"

मी म्हणालो, "पाचशे एक चौकटीत बसत नाहीत."

सरजाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "मारुद्रा, तुझ्या लग्नात आहेर किती आला होता रं माझा?"

"अकरा रुपये."

"दहा का न्हाई दिले?"

आयुष्यभर प्रत्येक आहेराच्या पाकिटात मीच एक रुपयाचे नाणे चिकटवत आलो होतो, आणि इथे मात्र मी चारशे बारा लोकांकडे मयताचे पैसे मागितले होते.

तिथेच बसून मी एकशे एक, पाचशे एक आणि एक हजार एक अशा नव्या चौकटी जोडल्या. सूर्यभानरावांनी लगेच पाचशे एक भरले आणि कान टवकारून बसले.

"आता काय?" मी म्हणालो.

"नाव कोण पुकारणार?"

तेही खरेच होते. गाण्याच्या कार्यक्रमात दहाची नोट दिली तरी माइकवर नाव येते. आमची वेबसाइट मुकाट्याने पैसे घेत होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी सहाला धम्मशीलाबाई अंगणात बसून फोनवरून थेट गाऊ लागल्या. फोन रांजणाला टेकवलेला असायचा. मी बाजूला बसून, पैसे येतील तशा चिठ्ठ्या सरकवायचो. दोन कडव्यांच्या मधे त्या पुकारायच्या, "सेलूचे सूर्यभानराव यांच्याकडून पाचशे एक! लय उपकार!"

हे गंगाखेडला सूर्यभानरावांच्या व्याह्यांनी, बन्सीधररावांनी ऐकले. ओवी संपायच्या आत त्यांचे एक हजार एक आले. सूर्यभानरावांनी पुन्हा पाचशे एक भरून वर एकशे एक टाकले. मग बन्सीधररावांच्या भावकीतले नऊ जण उठले. एका घरची लेक आणि दुसऱ्या घरची सून असलेली मुलगी बिचारी फोन करून सांगू लागली, "मावशी, जरा हळू आवाजात पुकारा, हितं भांडणं लागायलीत." धम्मशीलाबाईंनी आवाज आणखी चढवला.

तिसाव्या दिवशी मुदत संध्याकाळी सहापर्यंत होती, म्हणून त्या पाचलाच गायला बसल्या. साडेपाचला आकडा एकोणसाठ हजार नऊशे चौदावर येऊन थांबला. शहाऐंशी कमी. दहा मिनिटे काही आले नाही. धम्मशीलाबाई गात होत्या, पण नजर माझ्या हातावर होती. मी खिशात हात घातला.

"थांब," सरजाबाई म्हणाल्या. कमरेची पिशवी सोडून त्यांनी शंभराची नोट काढली आणि तिच्यावर एक रुपया ठेवला. "माझे भर. आन् नाव पुकारायला सांग."

मी माझ्या फोनवरून त्यांच्या नावाने एकशे एक भरले. साठ हजार पंधरा. चिठ्ठी सरकवली. धम्मशीलाबाईंनी ती वाचली आणि गाता गाताच थांबल्या. मग म्हणाल्या, "पिंगळीच्या सरजाबाई भगवानराव खिल्लारे यांच्याकडून एकशे एक. ही गाणी त्यांचीच हायेत."

सरजाबाई मान हलवून मला म्हणाल्या, "एकशे एकाला काय मिळतंय?"

"फोनवर गाणं."

"मला फोन कुठाय? ते घरी येऊन म्हणायचं, ते दे."

"ते एक हजार एकला आहे, काकू."

"आई, मी घरातच हाय की!" धम्मशीलाबाई म्हणाल्या.

"मग म्हण की. गप का बसलीस?"