अर्ध्या हवेचा चेंडू

अमेरिकेत स्टेट कॉलेजला दुसऱ्या सेमिस्टरमध्ये मी क्रीडा-इतिहासाचा कोर्स घेतला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कुठला विषय जड जाईल हे सांगणारं कोणी नव्हतं. मला वाटलं, खेळच तर आहेत. पण शेवटी वर्गासमोर एका खेळाडूवर बोलायचं होतं, आणि त्यात बी ग्रेड मिळाली नसती तर माझी फी भागवणारी असिस्टंटशिप जाणार होती.

माझ्या वाट्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक ऑलिंपिक जलतरणपटू आला. नदीत पोहायला शिकलेला, शर्यतींत पदकं मिळवलेला, पुढे वॉटर पोलोकडे वळलेला. त्याच्यावरचं भाषण मी शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं हातवाऱ्यांसकट पाठ केलं.

माझी पुण्याची रूममेट भांडी घासता घासता ऐकत होती.

"यार, 'सन्माननीय परीक्षक' कोण तिथे?"

"प्रोफेसर."

"ते बेगल-कॉफी खात-पीत बसतील. साधं बोल ना."

"साधं बोलले तर विसरेन गं."

वर्गात पहिल्याच वाक्याला दोघं-तिघं हसले. तरी मी रेटलं. वॉटर पोलोत तेव्हा चेंडू पाण्याखालून नेत, एवढं सांगितलं आणि मागच्या एका मुलाने हात वर केला. चेंडू तर तरंगतो, मग हे लोक तो पाण्याखाली कसा न्यायचे? भाषणाच्या मध्ये कोणी प्रश्न विचारतं, हेच मला माहीत नव्हतं. पुढचं सगळं पाठांतर पुसलं गेलं.

मी हात खाली घेतले. मग म्हणाले, "तेव्हा इथे चेंडूत अर्धीच हवा भरायचे. तो छातीशी आवळून बुडी मारता यायची. बाकीचे अंगावर पडायचे. अशा वेळी पाय झाडायचे नाहीत, श्वास लवकर संपतो. अंग सैल सोडलं की धरणाऱ्याची पकडही ढिली होते."

"हे कुठे वाचलंस?" प्रोफेसरांनी विचारलं.

"वाचलं नाही. गावच्या विहिरीत आम्ही नारळासाठी असेच झोंबायचो. तीन चुलतभाऊ आणि मी."

"नारळ कोणाला मिळायचा?"

"बहुतेक वेळा मलाच."

या वेळच्या हसण्यात मीही होते. मग प्रोफेसरांनी विचारलं, पदकं मिळत असताना तो या धसमुसळ्या खेळात का गेला?

"मला वाटतं, त्याचा वेग कमी झाला होता," मी म्हणाले. "दम कमी झाला नव्हता."

प्रोफेसरांनी मान डोलावली आणि पुढे बोल म्हणाले. उरलेली त्याची कारकीर्द मी टेबलाला टेकून, हात न हलवता सांगितली. बी प्लस मिळाली.