टोपलीखालचा कोंबडा

ताज्या छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा सोडला, की शाईच्या वासाबरोबर मला साक्रीचं आमचं अंगण आठवतं. अक्काने, म्हणजे माझ्या आत्याने, बाजारातून एक तरणा कोंबडा आणला होता. आमच्या संघटनेची उरलेली पत्रकं खाली अंथरून तिने त्याच्यावर बांबूची टोपली पालथी घातली. घरच्या कोंबड्या भोवती फिरून त्याला न्याहाळत होत्या. त्यांच्याशी जमलं नाही, तर रविवारी त्याचा रस्सा होणार होता.

"काही गुन्हा नसताना कैद कशाला?" मी तावातावाने विचारलं.

"कैद नही शे, पोरी. वळख शे," अक्का हसली.

शनिवारी तिने टोपली उचलली. काळी नावाच्या म्हाताऱ्या कोंबडीने लगेच त्याच्या डोक्यावर टोच मारली. त्याने पिसं फुलवली, पण मग मान खाली घातली आणि सगळ्यांचं झाल्यावर दाणे टिपले. तेव्हा मला ती शरणागती वाटली, रागच आला. आता बैठकीत नवा माणूस आधी ऐकून घेतो, तेव्हा मला तो कोंबडा आठवतो आणि बरं वाटतं.

संध्याकाळी काळीने खुराड्यातल्या दांडीवर सरकून त्याला जागा दिली.

"व्हई गया मेंबर!" अक्का म्हणाली.

रविवारी आम्ही वांग्याचं भरीत खाल्लं.