माळावरच्या चिंचेचा घेर

दुधनीच्या चन्नप्पा तेल्याचा करडईचा घाणा होता. घाण्याची लाकडी उखळ दर तीन वर्षांनी तडकायची. विहिरीकाठची चिंच तोडून नवी केली, तीही तडकली. मोनप्पा सुताराने निदान केलं, "पानी पिऊन फुगलेलं लाकूड हाय ते, आतनं भुसभुशीत. माळावरची चिंच बग की. मुरमात उपाशी वाढलीया, लई दाट हाय. किडा लागत न्हाय, वारं पाडत न्हाय. असली झाडं सावकाश वाढत्यात, म्हणून तर दोन-दोनशे वरसं जगत्यात."

इतकी जगतात, म्हणून तोडायची. सुतारांचं गणित असंच असतं. फक्त घेर चार बोटं कमी पडत होता. मोनप्पाने सुतळीला गाठ मारून दिली: झाड गाठीला टेकलं की कुऱ्हाड. हे एकोणीसशे एकवीस सालचं.

चन्नप्पाची बायको नीलव्वा हे दारातून ऐकत होती. अठराच्या तापात गेलेली त्यांची दोन वर्षांची लेक त्याच चिंचेखाली पुरली होती. चन्नप्पाने तिचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. पुरुषांना विसरायला बरं जमतं, असं नीलव्वाचं मत. हातापाया पडणं तिच्या स्वभावात नव्हतं. गाठ सोडता येत होती. दर पाडव्याच्या आदल्या दिवशी ती गाठ अर्धं बोट पुढे सरकवायची. झाडही वर्षाला तेवढंच वाढायचं. पाडव्याला चन्नप्पा माळावर झाड मोजून येऊन सांगायचा, "चार बोटं कमी," आणि तडकलेल्या उखळीला लोखंडी पट्टी ठोकायला बसायचा. बारा वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चालला.

तेहतीसच्या पाडव्याला घोटाळा झाला. सुतळी उंदरांनी कुरतडली. मोनप्पाने सकाळीच नवी आणून दिली, मूळ मापाची, पक्क्या गाठीची. चन्नप्पा ती घेऊन तडक माळावर गेला. नीलव्वाने बोटं मोजली: झाड गाठीच्या दोन बोटं पुढे गेलं असणार. तव्यावरची भाकरी करपली.

दुपारी चन्नप्पा परतला. सुतळी खुंटीला अडकवत म्हणाला, "अजून चार बोटं कमी हाय."

"नीट बगितलं का?"

"व्हय. मोनप्पाला सांग, दुसरं लाकूड बग म्हनावं. ही चिंच काय आपल्या हयातीत भरत न्हाय."

तो हातपाय धुवायला गेला. त्याच्या दोन्ही गुडघ्यांना तांबडा मुरूम लागला होता. झाडाचा घेर मोजायला गुडघे टेकावे लागत नाहीत.