दादाला न सोसलेलं दही

तार आली तेव्हा मी दादाच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. मुंबईहून तो येणार म्हणून गादी उन्हात घातली होती, दूध तापवून निवत ठेवलं होतं. श्रीवर्धनहून आलेला माणूस अंगणात घुटमळला, हातातला कागद लगेच पुढे करेना, तेव्हाच मी समजले… माझा थोरला भाऊ गेला होता. दिवेआगरच्या या घरात आता मी एकटी आहे, आणि दिवसचे दिवस माझ्याशी कोणी बोलत नाही.

लहानपणीच विधवा होऊन मी माहेरी परतले ती दादाच्या आधाराने. लिहायला-वाचायला त्यानेच शिकवलं. पुढे वहिनी गेल्या, त्यांचा मुलगा बाळ मुंबईला नोकरीला लागला, आणि घरात आम्ही दोघं उरलो. त्यातच दादाला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. पंगतीत तो मागच्या दाराजवळचं पान धरून बसे आणि निम्म्या जेवणातून तांब्या शोधत उठे. अशा माणसाने शिडाच्या मचव्यात बसून समुद्रातून मुंबई कशी गाठायची? बाळच्या मुलाची मुंज झाली ती दादाने पाहिलीच नाही. त्या दिवशी तो वाडीत पोफळींखाली जाऊन बसला, जेवायलाही घरात आला नाही.

शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी पुड्या बंद करून रोज ताजं ताक प्यायला सांगितलं. दह्यात चांगले जंतू असतात, ते पोटातल्या वाईट जंतूंना दाबतात, असं त्यांचं म्हणणं. दादा मला म्हणाला, "यमू, घरात भांडणं कमी होती म्हणून आता पोटातही लावून दे!" मी मात्र हट्टाला पेटले. धोंडी गवळण आणेल ते दूध तापवायचं, बोटाला सोसेल इतकं निवलं की विरजण लावायचं. आंबलेलं दही त्याला चालत नसे, म्हणून दही नीट लागलं की लगेच घुसळायचं. सुरुवातीला त्याचं पोट जास्तच गुरगुरलं. "तुझे जंतू अजून बिगरीत आहेत वाटतं," म्हणून तो मला चिडवी. फणस बंद केला, तिखट बंद केलं, आणि हळूहळू गाडी रुळावर आली. एकदा समुद्रावर गेला तो चांगला सूर्य बुडेपर्यंत बसून आला आणि दारातूनच ओरडला, "यमू, एकदाही पळावं लागलं नाही!"

बरा झाल्यावर त्याने मुंबईचं नाव काढलं. माझ्याच ताकाने तो बरा झाला आणि मलाच ते झोंबलं. पण जा म्हटलं. दही प्रवासात टिकायचं नाही, म्हणून एक स्वच्छ फडकं दह्यात भिजवून सावलीत वाळवलं आणि त्याच्या वळकटीत बांधून दिलं. कोमट दुधात ते बुडवलं की दही लागतं. आमच्या सुपाऱ्या मुंबईला नेणारे दिघीचे हसनमियाँ तांडेल पुढे निरोप घेऊन आले, "बाय, सूनबाईनं तुमचा फडका साबणानं धुतला! दादांना तिथला दही सोसत न्हाय. पुढच्या खेपेला माझ्याच मचव्यातून येतायत." मी पोट धरधरून हसले. आणि खरं सांगते, मनातून फार सुखावले. मग तिकडे त्याला तापाचं निमित्त झालं आणि ती खेप त्याच्याशिवाय आली…

तेराव्याला बाळ आणि त्याची बायको इंदिरा इथे आली. इंदिरा एकसारखी रडत होती. मीच तिला जवळ घेऊन म्हटलं, "त्या फडक्याचं मनाला लावून घेऊ नकोस गं. त्याला बाहेरचं दही सोसायचंच नाही."

ती रडता रडता थांबली. "आत्याबाई, मामंजींचं पोट तिथे अगदी छान होतं. दूधवाल्याकडचं दही रोज खायचे. नातवाबरोबर भजीसुद्धा खाल्ली. इतकं सगळं ठीक असताना परत जायचं का म्हणतायत, तेच आम्हाला कळेना."

मी उठून मागच्या पडवीत गेले आणि पदर तोंडात धरून रडले. पोटामुळे ज्याला इतकी वर्षं कुठे जाता आलं नाही, त्याने माझ्याकडे परत यायला पोटाचीच सबब सांगितली होती. मी इथे एकटी आहे एवढं म्हणायला लाजला असेल.

रोज संध्याकाळी मी अजून विरजण लावते. मला ताकाने सर्दी होते. तरी सकाळी भांडंभर पिते, उरलेलं धोंडीला देते, आणि मग ओटीवर शिंकत बसते. घरात तेवढाच काय तो आवाज होतो.