एकदाच आत जाण्याचा व्हिसा

मुलीच्या बाळंतपणासाठी मी नेदरलँड्समध्ये आल्मेरेला आले आणि घरात अडकले. बाहेर सतत वारा, शेजारी हसून दार लावून घेणारे. मुलगी दिवसभर लॅपटॉपपुढे, मी खिडकीपुढे. डिंकाचे लाडू वळून झाले, दुपटी शिवून झाली, आता करायचं काय? माझी नुसती चिडचिड व्हायला लागली. शेवटी मुलगीच जावयाला म्हणाली, "हिला जरा फिरवून आण. अजून महिना आहे. बाळ आलं की हिला दाराबाहेर पडता येणार नाही."

इंग्लंडला बोटीनं जाता येतं. रात्री बसलं की सकाळी हार्विच. माझा ब्रिटिश व्हिसा जावयानं अगदी निगुतीनं काढला होता. सकाळी उतरलो. हार्विच गाव टीचभर. दीपगृह, अरुंद गल्ल्या, आणि समुद्राकाठच्या हिरवळीवर एक जुनी लाकडी क्रेन. तिच्या मोठ्या चाकात शिरून माणसं चालायची, म्हणजे जहाजाचं ओझं वर उचललं जायचं. जावई पाटी वाचून कौतुकानं सांगत होता. मला त्या माणसांची कीव आली. दिवसभर चालायचं आणि पोचायचं कुठेच नाही. "पुरे आता, चहा पाज," मी म्हटलं.

संध्याकाळी धक्क्यावर काउंटरवरच्या बाईनं माझा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला. माझा नेदरलँड्सचा व्हिसा एकदाच आत जाण्याचा होता, आणि तो मी भारतातून येतानाच वापरून बसले होते. जावयाकडे तिथे राहण्याचं कार्ड, तो हवं तेव्हा येतो-जातो. माझा हा व्हिसा नीट बघावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. एवढा मोठा कॉम्प्युटरवाला! चांगलं फैलावर घेणार होते, पण त्याचा चेहराच पडला होता. नवा व्हिसा काढायचा तर भारतात जायला हवं. तोवर बाळ जन्मलेलंच असणार.

त्यानं फोन लावला. सगळं ऐकल्यावर मुलगी म्हणाली, "आई, बाळाला न्हाऊ कोण घालणार गं? इथली नर्स तर बादलीत बसवते."

लंडनहून जावयाचा मित्र मला न्यायला निघाला होता. जावयाला मात्र याच बोटीनं परतायला हवं होतं, तिकडे मुलगी एकटी होती. मी तिथेच फरशीवर पाय पसरून बसले. बघेनात का लोक. अंगातला कोट काढून गुंडाळला आणि नडग्यांवर पालथा घातला.

"बस इथे. नीट बघ. मान अशी धरायची. आधी पाठीवर पाणी, डोक्यावर शेवटी."

त्यानंही पाय पसरले. कोट घसरला. पुन्हा घसरला. "अरे, मूल आहे ते, लॅपटॉप नाही," मी खेकसले, तसे त्याचे डोळे भरून आले. मग त्याला जमलं.

बोटीची वेळ झाली. कोट परत देताना त्यानं तो मान सावरून माझ्या हातात ठेवला. मीही तसाच घेतला.