विर्वेमावशीचा बर्फ

विर्वेमावशीबद्दल चार चांगली वाक्यं लिहायची म्हणून बसलोय. पण आधीच कबूल करतो, तिच्या नावानं अकरा वर्षं माझ्या पोटात दुखत होतं. अजूनही अधूनमधून दुखतं.

आमच्या बेटापासून एस्टोनियाच्या किनाऱ्यापर्यंत दहा किलोमीटर समुद्र. फेब्रुवारीत तो गोठला की त्यावरून गाड्यांचा रस्ता निघतो, आणि तो जाण्याजोगा आहे की नाही हे गेली अकरा वर्षं ठरवणारा माणूस मी, आर्ने. शिक्का माझा, ड्रिल माझं, वही माझी. ठरलेल्या अंतरावर भोक पाडायचं, पट्टी घालायची, बर्फाची जाडी बावीस सेंटिमीटर भरली की पुढे. दोन्ही कडांना जुनिपरची झुडपं रोवायची, म्हणजे धुक्यात कुणी भरकटत नाही.

विर्वेमावशी एकोणऐंशी वर्षांची. तीस वर्षं तिनं याच बर्फावरून बेटाचं टपाल नेलं. तिच्याकडे वडिलांची लोखंडी टोकाची काठी आहे. ती बर्फावर तीनदा आपटते, मान वाकडी करून ऐकते आणि म्हणते, “धरेल.” किंवा, “नाही धरणार.” झाली तपासणी! गळ्यात दोरीला दोन खिळे, बर्फ फुटलाच तर रोवून वर यायला. लग्नाच्या दिवशीही ते तिनं काढले नव्हते म्हणे. नवरा म्हणाला होता, “मी बायको आणलीय की सुतार?”

आणि या खिळेवालीचा शब्द बेटावर शेवटचा. मी रस्ता खुला केला तरी लोक गाड्या सुरू ठेवून काठावर थांबायचे. बेकरीवाला उर्मस तोंडावर म्हणायचा, “आर्ने, तुझे चोवीस सेंटिमीटर कळले रे. पण मावशी काय म्हणते?”

माझा नुसता जळफळाट व्हायचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते सोसलं असतं. पण माझी बायको माइमूसुद्धा! मुलगी पलीकडे राहते. तिकडे जायचं ठरलं की माइमू जॅमची बरणी घेऊन मावशीकडे निघायची.

“जॅम द्यायला चाललीस की बर्फ विचारायला?”

“दोन्ही. एका खेपेत होतं,” माइमू म्हणायची आणि बूट चढवायची.

यंदा नातीचा पहिला वाढदिवस शनिवारी होता. रस्ताही शनिवारीच उघडायचा होता. पहिली गाडी माझी, शेजारी माइमू, असं मी ठरवलं. एकदा तरी बायकोनं माझ्या मापावर समुद्र ओलांडावा, एवढीच इच्छा.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची झुडपं रोवत होतो, तर मावशी काठी टेकत आली.

“सीलखडकापाशी रस्ता दोनशे पावलं उत्तरेला घे, पोरा. तिथं खालून पाणी ओढ घेतं.”

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. पोरा!

“खडकाच्या अलीकडे तेवीस आहे, पलीकडे पंचवीस. वहीत लिहिलंय.”

“आणि मधे?”

“मधे भोक पाडायचा नियम नाही, मावशी. आणि कानानं मोजायचाही नाही.”

तिनं बर्फावर एकदा काठी आपटली आणि निघून गेली.

शुक्रवारी सकाळी नऊला येऊन पाहतो, तर खडकापाशी माझा सरळ रस्ता वाकडा झालेला! चाळीसएक झुडपं खणून काढून उत्तरेला नेलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आता सोडायची नाही. मुद्दाम माझ्या जुन्या रेषेवर, दोन भोकांच्या मधोमध ड्रिल लावायचं, पंचवीस सेंटिमीटर वहीत लिहायचे आणि म्हातारीला सगळ्या गावासमोर खोटं पाडायचं.

ड्रिल टेकवलं आणि ते भस्सकन खाली गेलं. पट्टी घातली. नऊ.

मी पोटावर आडवा झालो आणि तसाच सरपटत मागे आलो. मग मी काय केलं? वही उघडली आणि मावशीची वाकडी रेषा माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी लिहून टाकली.

शनिवारी पलीकडून रस्तेखात्याचे मोठे साहेब स्नोमोबाईलवरून आले. वळण पाहून म्हणाले, “याला म्हणतात अनुभव!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मागे उभी होती, लोकरी टोपी कानावर ओढून. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात माइमू गाडीत बसायचं सोडून तिच्याकडे गेली. सगळ्यांदेखत!

“मावशी, जाऊ का?”

मावशी म्हणाली, “मला काय विचारतेस? नवऱ्याला विचार. माप त्यानं घेतलंय.”

माइमू वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. अकरा वर्षं ज्यासाठी मी जळत होतो ते मला मिळालं, आणि तेही तिच्या हातून, भीक घातल्यासारखं. मी म्हणालो, “चल.”

बर्फ फुटला तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून पट्टे न लावता, काचा खाली करून निघालो. सीलखडकाचं वळण आलं. चाक फिरवलं आणि बोलून गेलो, “माइमू, हे वळण माझं नाही. मावशीनं झुडपं हलवली.”

“माहितीय,” ती समोर बघत म्हणाली. “झुडपांची घसरगाडी मी ओढत होते. पहाटे पाचला. तू घोरत होतास.”

“तू तिथं? त्या बर्फावर? खाली नऊ सेंटिमीटर होता!”

“तिनं माझ्या कमरेला दोर बांधला होता. पातळ जागेवर ती एकटी गेली.”

“मग मला सांगितलं का नाहीस? बायकोनं पहाटे जीव धोक्यात घालायचा आणि नवऱ्याला पत्ता नाही? माझ्याशी बोलायचं तरी!”

“बोलले असते तर ऐकलं असतंस?”

पलीकडचा किनारा दिसायला लागला होता. वाऱ्यानं तिचे डोळे पाणावले होते, की वाऱ्यानं नव्हे, मी विचारलं नाही.

“नसतं,” मी म्हणालो.