शनिवारी मी तिथे नव्हते

पंचांगाच्या छापखान्यात सोळा वर्षं काढलेली बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिचा अशा गोष्टींवर भरपूर विश्वास असणार. उलट आहे. राहुकाळाचे तक्ते मी इतक्या वेळा टाईप केलेत की वारावारच्या वेळा मला पाठ होत्या, आणि नेमकी त्याच वेळेला मी चहाला उठायचे. इथे इतरांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही माझं मन आधी साधं कारण शोधतं — झोप झाली नसेल, कुणी थट्टा केली असेल. माझ्या बाबतीत असं साधं कारण मी सात महिने शोधतेय. सापडलं नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही उज्जैनचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीत जळगावहून इकडे आले ते इथलेच झाले. राहते नानाखेड्याला, बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत. प्रेस फ्रीगंजमध्ये, नाव लिहीत नाही. खाली मशीन आणि पॅकिंग, वर आमची खोली. तिथे माझा कॉम्प्युटर, बाजूला रजनी — ती फोन घ्यायची, ऑर्डरी लिहायची — आणि खिडकीपाशी शेवडे काका, आमचे प्रूफरीडर. वय सत्तरीच्या आसपास. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते, हे ते वर्षातून दोनदा तरी ऐकवायचे... बहुतेक माझं शुद्धलेखन चुकल्यावर.

कामाची पद्धत अशी. मी पान टाईप करून प्रिंट काढायची, काका लाल पेनने चुका खुणावायचे, मी दुरुस्त करून पान छपाईला पाठवायची. तीन वर्षांपूर्वी पितृपक्षाच्या पानावर एकादशीच्या श्राद्धाची तारीख माझ्याकडून एक दिवस पुढची पडली. काकांनी बरोबर पकडली, भोवती लाल गोल केला. पण त्याच वेळी मुलीच्या शाळेतून फोन आला, ताप आहे, घेऊन जा. मी पर्स उचलली आणि पान तसंच पाठवलं.

पुढे पितृपक्षात बडनगरकडच्या एका गावाहून तीन भाऊ प्रेसमध्ये आले. आमचं पंचांग बघून ते वडिलांच्या श्राद्धाला क्षिप्रेकाठी सिद्धवटावर गेले होते, आणि तिथल्या गुरुजींनी सांगितलं, तुमची तिथी काल होऊन गेली. थोरल्याने आवाजही चढवला नाही. पंचांग टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, "हमारे बाऊजी कल भूखे लौट गए. अब क्या करें, बताओ." आमचे मालक, सेठजी, त्यांनी विचारलं, हे पान कुणी तपासलं? काका हात जोडून उभे राहिले.

त्याच दुपारी मी गठ्ठ्यातून ते प्रूफ शोधून काढलं. लाल गोल अगदी ठळक होता. मी कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली आणि घरी कपाटात लग्नाच्या शालूखाली ठेवली. तो कागद फाडून का टाकला नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही.

काकांना आठवेना की आपण खूण केली होती की नाही. ते धरूनच चालले की नजर गेली. चष्मा बदलला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग त्यांना वाटायला लागलं, डोकंच गेलं. सेठजींनी त्यांना खाली पॅकिंगला बसवलं. तीन वर्षं मी जिन्यावरून जाताना ते विचारायचे, "काय बेटा, पानं बरोबर जातायत ना?" आणि मी हो म्हणून वर जायची. मी वाईट बाई नाही हो, पण हे मी केलंय.

गेल्या हिवाळ्यात सेठजींनी मला बोलावून सांगितलं की टायपिंगचं काम आता इंदूरहून होणार, प्रूफं तेवढी इथे येतील. माझी गरज उरली नव्हती. शनिवार शेवटचा दिवस. चार वाजता निरोप, कचोरी, शाल, आणि चार शब्द शेवडे काका बोलतील, कारण प्रेसमध्ये सगळ्यात जुने तेच.

नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला दुसराच घोर लागला. काका माझं कौतुक करणार आणि मी शाल पांघरून ते ऐकणार... या विचाराने मी ताट अर्धवट टाकून उठायची. नवरा म्हणायचा, "नौकरीचं इतकं टेन्शन कशाला घेतेस?" मी म्हणायची, घेते.

शनिवारी सकाळी जांभळा ड्रेस घालून घराबाहेर पडले. प्रेसला जायचं म्हणूनच निघाले होते. पण पाय स्टँडकडे वळले आणि मी इंदूरच्या बसमध्ये जाऊन बसले. मोबाईल बंद केला. इंदूरला मावशी असते. तिला म्हटलं, सहज आले. दुपारभर ती गुडघ्यांचं सांगत होती आणि मी मेथी निवडत होते. घड्याळात साडेतीन झाले, चार झाले. हात मेथीत होते, पण मनातल्या मनात मी प्रेसचा जिना चढत होते. मावशीने मधेच विचारलं, "अगं, रडतेस का?" मला कळलंही नव्हतं.

सातच्या सुमारास घरी आले, मोबाईल चालू केला. रजनीचा मेसेज — "दीदी, आज तो आपने सबको रुला दिया."

मला वाटलं, टोमणा आहे. फोन लावला. म्हटलं, "रजनी, सॉरी यार, मैं आ नहीं पाई."

"क्या दीदी, मजाक मत करो. अभी शाम को तो मेरे गले लगके गई हो."

मी फोन कानापासून काढून स्क्रीनवर नाव रजनीचंच आहे ना ते बघितलं. तिला वाटलं, मला रडू येतंय. मग तीच बोलत राहिली. साडेतीनच्या पुढे मी आले म्हणे. आधी खाली मशीनवाल्यांना एकेकाला भेटले, मग वर. जांभळा सूट होता. कचोरी खाल्ली नाही, पाणीही घेतलं नाही. शालीला नको म्हणाले. काकांना खालून बोलावून घेतलं, खिडकीपाशी त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या हातात एक घडी घातलेला कागद दिला. सगळ्यांसमोर सांगितलं की त्या पानाची चूक काकांची नव्हती, माझी होती.

"और फिर आपने काकाजी के पैर पकड़ लिए. सेठजी की भी आँखें भर आईं, सच्ची."

नंतर सगळे काकांभोवती जमले आणि तेवढ्यात मी निघून गेले. जाताना कुणी पाहिलं नाही.

फोन ठेवून मी कपाट उघडलं. शालू होता. खाली काही नव्हतं. सगळे कप्पे रिकामे केले, कपड्यांचा ढीग पलंगावर टाकला, वर्तमानपत्रांचे कागद झटकले. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्या रात्री त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्याला वाटलं, नोकरी गेल्याने माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याने मावशीला फोन केला. ती म्हणाली, "बारापासून पाचपर्यंत माझ्यासमोर होती की. का रे, काय झालं?" पर्समध्ये जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं होती. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि परत पर्समध्ये ठेवली.

नोकरी संपली होती, तरी सोमवारी मी प्रेसला गेले. जिना चढताना भीती एकच होती... वर मी आधीच बसलेली असेन तर?

वर काका होते. खिडकीपाशी, हातात लाल पेन, समोर इंदूरहून आलेली प्रूफं. सेठजींनी सकाळीच त्यांना जागेवर बसवलं होतं. तीन वर्षांत मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. मला बघून त्यांनी खिशातून डायरी काढली आणि तिच्यातला कागद उलगडून दाखवला. माझ्याच घडीच्या खुणा होत्या. कागदाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, माझ्या कपाटाचा.

"काका, शनिवारी..."

"बस बेटा. तू बोललीस, मी ऐकलं. माझ्या मनात आता काही नाही."

"तसं नाही काका. मी शनिवारी आलेच नव्हते."

काकांनी चष्मा काढला. कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. "म्हणजे? तू बोललीस ते खरं नव्हतं का? मग हा गोल... हा मीच केला होता ना?"

त्यांनी लाल पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवून दिलं. रजनी फोन तसाच कानाला धरून बघत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी आले नव्हते असं म्हटलं तर त्यांना मिळालेलं सगळं मी परत काढून घेतेय. कोण आलं होतं, कसं आलं होतं, हे विचारायचा हक्कही मला उरला नव्हता.

"खरं आहे काका," मी म्हटलं. "गोल तुम्हीच केला होता. मी घाईत निघून गेले, नीट निरोप घेतला नाही, एवढंच म्हणायचं होतं."

"हां, तर असं बोल ना. घाबरवलंस उगीच." त्यांनी चष्मा लावला.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी वरच्यावर माझे दोन्ही हात धरले आणि जरा वेळ तसेच धरून ठेवले. "आज गरम आहेत. शनिवारी बर्फ झाले होते तुझे हात. मी रजनीला बोललो पण, हिला बुखार तर नाही येत?" मग हात सोडले. "आणि सारखी सारखी माफी काय मागतेस? एकदा दिली ना."

सात महिने झाले. मानसिक धक्का, विसरभोळेपणा, दिसायला सारखी कुणी बाई — सगळं लावून पाहिलं, कपाटातल्या कागदापाशी येऊन सगळं अडतं. नवरा हा विषय काढत नाही. कुठे बाहेर जायचं असलं की मी आधी फोन करून विचारते, "मी आलेय का तिकडे?" लोक हसतात. मी हसत नाही.

काकांचा दर रविवारी फोन येतो. मुलीची चौकशी करतात, नवं काम मिळालं का विचारतात. नजर आता तरुणपणापेक्षा चांगली आहे म्हणतात. मला बरं वाटतं, खरंच वाटतं. पण फोन ठेवल्यावर दर वेळी तेच मनात येतं. माफी मागून ती निघून गेली, आणि काकांनी माफ केलं ते तिला. माझी मागायची राहिलीच आहे, आणि आता ते मला मागू देत नाहीत.